वाचकांचे प्रश्न : खोल समुद्रातली कोळंबी ओळखायची कशी?

गेल्या अंकात केरळच्या किनाऱ्यावरील खोल समुद्रातल्या कोळंबीच्या मासेमारीवर एक लेख होता. त्यात चार-पाच शास्त्रीय नावे ओझरती आली होती, आणि त्या नावांविषयीच वाचकांनी सर्वाधिक विचारणा केली. त्यांपैकी पाच पत्रांना येथे उत्तरे देत आहे. लेखनात ‘जाती’ आणि ‘वंश’ हे शब्द मी प्राणिशास्त्रातील अर्थाने वापरले आहेत. शास्त्रीय नावातला पहिला शब्द वंशाचा असतो आणि दोन्ही शब्द मिळून जातीचे नाव होते.

प्रश्न : जानेवारीत कोल्लमजवळच्या शक्तिकुलंगरा बंदरावर ट्रॉलरमधून उतरवलेली लालभडक कोळंबी पाहिली. तेथील लोक तिला सरसकट ‘लाल कोळंबी’ म्हणत होते, पण मला एकाच टोपलीत निदान तीन-चार प्रकार दिसले. सामान्य माणसाला हे प्रकार ओळखता येतील का? (एक वाचक भगिनी, रत्नागिरी)

उत्तर : आपले निरीक्षण अचूक आहे. त्या टोपलीत केवळ वेगवेगळ्या जाती नव्हत्या, तर एकमेकांपासून फार दूरच्या दोन गटांतले प्राणी शेजारी-शेजारी पडलेले होते. आपण बाजारात ज्यांना ‘कोळंबी’ या एकाच शब्दाने ओळखतो, त्यांत डेंड्रोब्रँकिएटा आणि कॅरिडिया असे दोन मोठे गट येतात. कॅरिडियात तीन हजारांहून अधिक जाती आहेत, डेंड्रोब्रँकिएटात पाचशेच्या वर. हा फरक आपल्याला घरच्या ओट्यावरही नवा नाही. जवळा म्हणजे असेटेस इंडिकस हा डेंड्रोब्रँकिएटातला, तर करंदी म्हणून जी बारीक कोळंबी विकली जाते तिच्यातली नेमॅटोपॅलिमॉन टेन्युइपेस ही कॅरिडियातली.

गट ओळखण्यासाठी भिंगाचीही गरज नाही. कोळंबी कुशीवर ठेवून तिच्या उदराची बाजू पाहावी. उदराच्या प्रत्येक खंडाचे कवच दोन्ही बाजूंनी खाली उतरून एकेक झडप तयार करते. या झडपा जर मंगलोरी कौलांसारख्या एका दिशेने रचलेल्या असतील, म्हणजे पहिलीची मागची कड दुसरीवर आणि दुसरीची तिसरीवर, तर ती कोळंबी डेंड्रोब्रँकिएटातली होय. पण दुसऱ्या खंडाची झडप रुंद असून पुढच्या आणि मागच्या अशा दोन्ही झडपांवर चढलेली असेल, तर ती कॅरिडियातली समजावी. खात्री करून घ्यायची असेल तर पाय पाहावेत. खोल समुद्रातल्या पिनिइड प्रकारच्या, म्हणजे डेंड्रोब्रँकिएटातल्या, कोळंबीला पहिल्या तीन जोड्यांच्या टोकाला नांग्या असतात, कॅरिडियाला फार तर पहिल्या दोन जोड्यांना. मादीच्या पोटाखाली अंड्यांचा घोस चिकटलेला दिसला तर मग शंकाच उरत नाही, कारण अंडी पोटाशी बाळगणे हे कॅरिडियाचे लक्षण आहे, तर दुसऱ्या गटातल्या माद्या अंडी थेट पाण्यात सोडतात.

यापुढची ओळख मात्र बारकाईची आहे. आपण पाहिलेल्या टोपलीत बहुधा अॅरिस्टियस अल्कॉकी असणार. व्यापारात तिला ‘रेड रिंग’ म्हणतात. डोक्यावरच्या करवतीसारख्या दातेरी सोंडेला शास्त्रीय मराठीत तुंड म्हणतात. अॅरिस्टियसच्या तुंडावर वरच्या कडेला फक्त तीन दात असतात आणि खालची कड गुळगुळीत असते. सोलेनोसेरा हेक्स्टी ही दुसरी जाती. हिच्या लहान शृंगिकांचे, म्हणजे डोक्यावरच्या मिशांचे, धागे चपटे आणि पन्हळीसारखे असतात, आणि ते एकत्र आले की त्यांची नळी होते. चिखलात पुरून घेतलेली ही कोळंबी त्या नळीतून श्वसनासाठी पाणी आत घेते. एकदा पाहिले की हे लक्षण कोणी विसरत नाही. मेटापिनिऑप्सिस अंदमानेन्सिस ही अंगावर बारीक लव असलेली, तुलनेने लहान जाती आहे.

या तिन्ही डेंड्रोब्रँकिएटातल्या. कॅरिडियाच्या बाजूला हेटेरोकार्पस आणि प्लेसिओनिका हे पँडॅलिडी कुलातले दोन वंश महत्त्वाचे आहेत (कुल म्हणजे जवळच्या वंशांचा समूह). या कुलात पहिल्या पायांच्या नांग्या अतिसूक्ष्म असतात किंवा नसतातच, आणि दुसऱ्या पायांचे मनगट अनेक बारीक मण्यांची माळ ओवल्यासारखे दिसते. हेटेरोकार्पसच्या पृष्ठवर्मावर, म्हणजे डोके-छातीवरच्या कवचावर, बाजूंनी लांबच लांब, कण्यासारख्या उभारलेल्या कडा असतात. त्यांपैकी हेटेरोकार्पस वुडमेसोनी उदराच्या तिसऱ्या खंडावरच्या मोठ्या उभ्या काट्यामुळे लगेच वेगळी काढता येते. प्लेसिओनिका सडपातळ असून तिचे तुंड व पाय लांब असतात.

एक सावधगिरी येथेच सांगितली पाहिजे, कारण या चुकीपासून शिकणारे विद्यार्थीच नव्हे तर अनुभवी लोकही सुटलेले नाहीत. अॅरिस्टियस वंशात प्रौढ मादीचे तुंड लांब असते आणि प्रौढ नराचे आखूड. हे ठाऊक नसणारा माणूस एकाच जातीच्या नर-मादीला दोन जाती ठरवून मोकळा होतो. म्हणून डेंड्रोब्रँकिएटाच्या बाबतीत लिंग ओळखणे ही पहिली पायरी मानतात. नराच्या पहिल्या प्लवपादांच्या, म्हणजे उदराखालच्या पोहण्याच्या पायांच्या, जोडीला जोडलेला पेटास्मा नावाचा अवयव आणि मादीच्या शेवटच्या पायांच्या मधल्या जागेतली थेलिकम नावाची रचना, या दोन गोष्टी जातीनुसार इतक्या ठरावीक आकाराच्या असतात की नाव ठरवताना शेवटचा शब्द बहुतेकदा त्यांचाच असतो.

प्रश्न : खोल समुद्रातली बहुतेक कोळंबी लालच का असते? रंगावरून जात ओळखता येईल का? (एक शिक्षक, नागपूर)

उत्तर : सूर्यप्रकाशातला लाल रंग समुद्राच्या वरच्या थोड्या मीटरांतच शोषला जातो आणि खाली फक्त निळसर उजेड झिरपतो. त्या उजेडात लाल प्राणी काळा दिसतो, म्हणजे दिसतच नाही. हा लाल रंग अॅस्टाझँथिन या द्रव्याचा असतो, आणि ते अन्नातून येते. मद्यार्कात किंवा फॉर्मॅलिनमध्ये ठेवल्यावर रंग लवकर उडून जातो आणि बाटलीत उरते ती फिकट पिवळट कोळंबी. जुन्या संशोधकांपुढे बहुतेकदा असे रंग गेलेले नमुनेच होते, म्हणून त्यांची सगळी वर्णने काट्यांवर आणि दातांवर उभी आहेत. अलीकडे नमुना जाळ्यातून येताच त्याचे छायाचित्र घेतात, आणि प्लेसिओनिकासारख्या वंशात ताज्या प्राण्यावरचे पट्टे जवळच्या जाती वेगळ्या करण्यास उपयोगी ठरले आहेत. तरीही नुसत्या लाल रंगावरून काही ठरत नाही. त्याहून भरवशाचे असतात ते प्रकाश देणारे अवयव. सर्जेस्टिड, म्हणजे जवळ्याच्या कुलातल्या, कोळंबीत काहींना ते शरीराच्या आत असतात आणि काहींना त्वचेवर, आणि हा भेद वर्गीकरणात फार पूर्वीपासून वापरला जातो.

प्रश्न : मी सागरी जीवशास्त्राची विद्यार्थिनी आहे. जुन्या अहवालांत केरळच्या कोळंबीत प्लेसिओनिका स्पिनिपेस आणि हेटेरोकार्पस गिबोसस ही नावे सापडतात, तर नव्या शोधनिबंधांत त्याच मासेमारीबद्दल लिहिताना प्लेसिओनिका क्वासिग्रँडिस आणि हेटेरोकार्पस चानी अशी नावे येतात. जाती बदलल्या, नावे बदलली, की पूर्वीचे लोक चुकले? (मुंबई)

उत्तर : समुद्रातली कोळंबी तीच आहे. बदलले ते आपले तिच्याविषयीचे ज्ञान. पूर्वीच्या संशोधकांना चुकलेले म्हणताना मात्र मी थोडा थांबेन, आणि का थांबेन ते सांगण्यासाठी जरा मागे जावे लागेल.

भारतीय समुद्रातल्या खोल पाण्यातील कोळंबीची पहिली मोठी नोंद ‘इन्व्हेस्टिगेटर’ या सर्वेक्षण जहाजामुळे झाली. १८८१ साली जलावतरण झालेले हे जहाज मुंबईच्या गोदीत बांधलेले होते, ही गोष्ट आपल्याकडे फार कमी लोकांना ठाऊक आहे. सागरी नकाशांचे काम करता करता त्यावरचे वैद्यकीय अधिकारी खोल पाण्यात जाळे टाकीत आणि हाती आलेले प्राणी कलकत्त्याच्या इंडियन म्युझियममध्ये पाठवीत. आल्फ्रेड अल्कॉक हे त्यांपैकी एक. म्युझियमचे अधीक्षक जेम्स वुड-मेसन यांच्याबरोबर त्यांनी अनेक जातींची वर्णने केली आणि १९०१ मध्ये या प्राण्यांची वर्णनात्मक सूची प्रसिद्ध केली. वरच्या उत्तरातली नावे आता पुन्हा वाचून पाहावीत. हेक्स्टी हे नाव तेव्हाच्या रॉयल इंडियन मरीनचे प्रमुख कॅप्टन हेक्स्ट यांच्यावरून आहे. वुडमेसोनी हे नाव अल्कॉकनी आपल्या सहकाऱ्याच्या स्मरणार्थ दिले. खुद्द अल्कॉकचे नाव अॅरिस्टियसच्या जातीला १९३८ मध्ये रमादान यांनी दिले, तेही अरबी समुद्रात फिरलेल्या ‘मबाहिस’ या इजिप्शियन जहाजाच्या मोहिमेतल्या नमुन्यांचा अभ्यास करताना.

त्या काळी उपलब्ध असलेली तुलनेची साधने मोजकी होती. स्पिनिपेस आणि गिबोसस या दोन्ही जातींचे वर्णन स्पेन्स बेट यांनी १८८८ मध्ये ‘चॅलेंजर’ या ब्रिटिश जहाजाच्या सागरी संशोधन मोहिमेच्या अहवालात केले होते. त्यानंतर आपल्याकडे त्यांच्याशी जुळणारी कोळंबी मिळाली की तिला तीच नावे दिली गेली, आणि उपलब्ध पुराव्याच्या आधारे ते योग्यच होते. पुढे काय झाले? अमेरिकेच्या ‘अल्बट्रॉस’ या जहाजाने १९०७ ते १९१० या काळात फिलिपाइन्सच्या समुद्रातून आणलेले नमुने स्मिथसोनियन संस्थेत बाटल्यांमध्ये बंद होते. ते जवळजवळ पाऊणशे वर्षांनी फेनर चेस यांनी बारकाईने तपासले आणि १९८५ मध्ये त्यांतून प्लेसिओनिका क्वासिग्रँडिस ही जाती वेगळी काढली. त्यानंतर भारतीय संशोधकांनी आपल्या किनाऱ्यावरची ‘स्पिनिपेस’ पुन्हा तपासली, तेव्हा मासेमारीत येणारी कोळंबी ही क्वासिग्रँडिस असल्याचे दिसून आले. हेटेरोकार्पस चानी ही गिबोससच्या अगदी जवळची जाती ली यांनी २००६ मध्ये वर्णन केली, आणि आपल्याकडच्या ‘गिबोसस’ची फेरतपासणीही त्यामुळेच करावी लागली.

मला यात सर्वांत मोलाची वाटते ती चेस यांची हुशारी नव्हे, तर पाऊणशे वर्षे कोणीतरी त्या बाटल्यांतला मद्यार्क भरत राहिले ही गोष्ट. नमुने जपले गेले नसते तर वाद शब्दांचा राहिला असता आणि तो कधीच सुटला नसता.

हा सगळा काथ्याकूट केवळ नावापुरता नाही. केरळच्या बंदरांतून १९९९ च्या सुमारास या कोळंबीची व्यापारी मासेमारी सुरू झाली. कोणती जाती किती लांबीची झाली की अंडी देते, वर्षातून केव्हा देते आणि तिची वाढ किती होते, यांवर किती पकडावी हे ठरवायचे असते. एका नावाखाली दोन जातींची मापे एकत्र झाली तर येणारी सरासरी दोन्ही जातींना लागू पडत नाही, आणि त्यातली हळू वाढणारी जाती कमी होत गेली तरी आकड्यांत ते दिसत नाही. म्हणून आपण जुने अहवाल वाचताना नाव पाहून थांबू नये. लेखकाने नमुने कोणत्या संग्रहालयात ठेवले आहेत याची नोंद आहे का, ते पाहावे. नोंद नसेल तर त्या आकडेवारीवर बेतानेच विश्वास ठेवावा.

आपल्या पत्रात आणखी एक छोटी शंका होती, की मेटापिनिऑप्सिस अंदमानेन्सिसच्या पुढे ‘(वुड-मेसन व अल्कॉक, १८९१)’ असे कंसात का लिहितात. ज्यांनी जातीचे वर्णन केले त्यांनी तिला दुसऱ्या वंशात ठेवले होते आणि पुढे तिचा वंश बदलला, एवढेच तो कंस सांगतो. सोलेनोसेरा हेक्स्टीच्या पुढे त्याच दोघांची नावे त्याच वर्षासह येतात, पण कंसाशिवाय, कारण तिचा वंश बदललेला नाही.

प्रश्न : आता डीएनए तपासून जात सांगता येते. मग काटे आणि दात मोजत बसण्याची गरज उरली आहे का? (पुणे)

उत्तर : डीएनएने या क्षेत्रात केलेली कामगिरी आधी मनापासून मान्य केली पाहिजे, कारण काही कोडी त्याशिवाय सुटलीच नसती.

जॉन एडवर्ड ग्रे यांनी १८२८ मध्ये एका समुद्री प्राण्याच्या पोटात सापडलेल्या एका विचित्र जीवाचे वर्णन केले. जाड चिलखत आणि शिंगांसारखे उंचवटे असलेला तो जीव कोणत्याच ज्ञात प्राण्यासारखा नव्हता. त्याला सेरॅटास्पिस मॉन्स्ट्रोसा हे नाव मिळाले. ही कोळंबीची डिंभावस्था, म्हणजे अळीची अवस्था, असावी असा तर्क होता, पण प्रौढ प्राणी १८४ वर्षे सापडला नाही. २०१२ मध्ये मेक्सिकोच्या आखातात मिळालेल्या एका अळीचे जनुकीय अनुक्रम तपासल्यावर ते प्लेसिओपिनियस आर्मेटस या अॅरिस्टिइडी कुलातल्या खोल समुद्रातील कोळंबीशी जुळले. म्हणजे वरच्या पाण्यात तरंगणारे हे चिलखती पिल्लू आणि हजारो मीटर खोलीवरची लाल कोळंबी हा एकच प्राणी निघाला. आणि नामकरणाच्या नियमानुसार आधीचे नाव श्रेष्ठ ठरत असल्याने प्रौढ प्राण्यालाही आता सेरॅटास्पिस हेच वंशनाव लागू झाले आहे.

दुसरी गोष्ट अटलांटिक महासागराच्या मध्यावरील उष्णजल झऱ्यांची. सुमारे ३,६०० मीटर खोलीवरच्या ‘टॅग’ या ठिकाणाहून आणलेल्या कोळंबीला १९८६ मध्ये विल्यम्स आणि रोना यांनी रिमिकॅरिस एक्झॉक्युलाटा असे नाव दिले. एक्झॉक्युलाटा म्हणजे नेत्रहीन. तीनच वर्षांनी तिच्या पाठीवर, कवचाखाली, प्रकाश जाणणारे मोठे इंद्रिय असल्याचे सिद्ध झाले. नाव मात्र तसेच राहिले, कारण शास्त्रीय नाव हे वर्णन नसते, ती फक्त खूण असते. त्याच झऱ्यांपाशी लहान नारिंगी कोळंबी सापडत असे. तिची ठेवण इतकी निराळी होती की तिच्यासाठी १९९६ मध्ये आयोरॅनिया हा नवा वंशच निर्माण करण्यात आला आणि १९९७ मध्ये रिमिकॅरिस ऑरँटिआका या नावाची आणखी एक जाती मांडली गेली. १९९८ मध्ये डीएनएने दाखवून दिले की ही लहान नारिंगी कोळंबी म्हणजे रिमिकॅरिस एक्झॉक्युलाटाचीच पिल्ले आहेत.

तरी काटे मोजणे का सुटत नाही, हे याच उदाहरणांत दडलेले आहे. डीएनएचा अनुक्रम हा तुलनेनेच बोलतो. सीओआय या जनुकाचा सुमारे ६५० अक्षरांचा तुकडा वाचून आपण तो जागतिक संग्रहातल्या अनुक्रमांशी ताडतो, आणि उत्तर येते ते त्या संग्रहात कोणी काय नाव लिहिले होते त्यावर. पहिल्या माणसाने क्वासिग्रँडिसच्या स्नायूचा तुकडा ‘स्पिनिपेस’ म्हणून नोंदवला असेल तर यंत्र तीच चूक पुढच्या शंभर लोकांना अत्यंत आत्मविश्वासाने सांगत राहील. शिवाय कवचधारी प्राण्यांत सीओआयच्या निकामी प्रती केंद्रकात पसरलेल्या असू शकतात आणि चुकून त्याच वाचल्या गेल्या तर निष्कर्ष भरकटतो, म्हणून १६एससारखे दुसरे जनुकही तपासतात. आणि १८८८ चा जो मूळ नमुना एका नावाचा आधार आहे त्यातून आज उपयोगी डीएनए निघेलच असे नाही. त्या नमुन्याशी आपली कोळंबी जुळते का, हे अखेर तुंडावरचे दात, पृष्ठवर्मावरचे काटे आणि पायांची प्रमाणे पाहूनच ठरवावे लागते. या दोन पद्धती एकमेकींच्या साक्षीदार आहेत, आणि दोघींची साक्ष जुळली तरच मी नाव लिहितो.

प्रश्न : आमच्या महाविद्यालयातले विद्यार्थी कधीकधी बंदरावरून अनोळखी कोळंबी आणतात. ती अभ्यासासाठी कशी जपावी आणि कोणाला दाखवावी? (प्राध्यापक, सिंधुदुर्ग)

उत्तर : प्रथम ताज्या प्राण्याचे डाव्या बाजूने, शेजारी मोजपट्टी ठेवून छायाचित्र घ्यावे. रंग पुन्हा मिळणार नाही. मग एका बाजूचा एखादा प्लवपाद किंवा स्नायूचा छोटा तुकडा ९५ टक्के इथेनॉलमध्ये वेगळ्या कुपीत ठेवावा आणि उरलेला प्राणी ७० ते ७५ टक्के इथेनॉलमध्ये. फॉर्मॅलिनचा मोह टाळावा, कारण त्याने डीएनए खराब होतो. गळालेले पाय आणि शृंगिका फेकू नयेत, त्याच बाटलीत ठेवाव्यात. दुसऱ्या पायाचे मनगट हरवले तर पँडॅलिडी कुलातली जात ठरवणे फार अवघड होते. ओळखीसाठी पुण्यात आकुर्डी येथे भारतीय प्राणी सर्वेक्षणाचे केंद्र आहे आणि मुंबईत केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेचे केंद्र आहे. दोन्हीकडे नमुन्यासह लेखी विचारणा करावी.

बाटलीच्या आत जाड कागदाची चिठ्ठी हवी, आणि ती पेन्सिलनेच लिहिलेली हवी, कारण बहुतेक शाई मद्यार्कात विरघळते. चिठ्ठीवर तारीख, बंदर, नौकेने जाळे कोठे आणि किती खोलीवर टाकले होते, ते कोणत्या प्रकारचे होते आणि नमुना कोणी गोळा केला, एवढे लिहावे. खोली ठाऊक नसेल तर तांडेलाला विचारावी, तो ती वावांत, म्हणजे खोली मोजण्याच्या कोळ्यांच्या मापात, सांगेल. ती तशीच वावांत लिहून ठेवावी आणि मीटरचा आकडा खाली वेगळा लिहावा. जातीचे नाव त्या चिठ्ठीवर लिहू नये. त्यासाठी दुसरी चिठ्ठी घालावी आणि तिच्यावर ओळख कोणी व केव्हा केली ते नोंदवावे, म्हणजे पुढे कोणी ती बदलली तरी पहिली चिठ्ठी बाटलीतून काढावी लागणार नाही.